मोटारीवर लावलेला कॅमेरा

कॅमेऱ्यात भूत दिसतंय असा फोन आला, की मी जाऊन लेन्सवरचं कोळ्याचं जाळं पुसून यायचो. वर लोकांना हसायचो. शेलूबाजारला माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आजही ठेवावासा वाटत नाही... पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर काढायचा. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारी आणि केबल चोरीला जातात, म्हणून शेतात कॅमेरा लावायचा तर तो मोटारीवर रोखून. गेल्या वर्षी मीच तो लोखंडी खांबावर बसवला – न फिरणारा, एका जागी घट्ट.

"अबे, मोटारीवरच काहून लावून राह्यला? वांग्याकडंही पाह्य ना. मी दिवसभर एकटाच असतो," दादा म्हणाला.

"मोटार चोरतेत, दादा. तुले कोन चोरून नेते?"

"कोनी न्याले आलं, त तुही वहिनी फुकटात देऊन टाकीन मले," म्हणत तो हसला.

दुसरा कॅमेरा लावायला हवा होता. निदान सगळा मळा दिसेल असा रोख तरी. मी काहीच केलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात एका दुपारी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे फोन नाही उचलून राह्यले. तुमच्या मोबाइलवर पाहा बरं."

मी दुकानात बसूनच अ‍ॅप उघडलं. मोटार, स्टार्टरची पेटी, पाइपातून पडणारं पाणी. "असतीन तिथंच. मोटार सुरू हाये," म्हटलं आणि गिऱ्हाइकाकडे वळलो.

तासाभराने पुन्हा फोन. पुन्हा अ‍ॅप उघडलं... मोटार दिसतच नव्हती. स्क्रीनवर वांग्याच्या ओळी होत्या – खांबाच्या पाठीमागच्या! दोन ओळींमध्ये दादा पालथा पडलेला. त्याचा हात हलत होता. समोरचं गिऱ्हाईकही वाकून पाहू लागलं – "अहो, हे त तुमचे दादा हायेत ना?"

गाडी कशी चालवली, आठवत नाही. दादा तिथेच होता, त्याच ओळीत. ऊन लागलं होतं. वाशीमला पोहोचेपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर...

नंतर खांबावर चढून पाहिलं. कॅमेऱ्याचं तोंड मोटारीकडेच. स्क्रूवर मी मारलेला रंग कुठेही तडकलेला नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये ती सगळी दुपार नुसती मोटार. त्या गिऱ्हाइकाने पाहिलं नसतं, तर मला भास झाला असं मीच म्हटलं असतं.

तेराव्यानंतर वहिनींना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कॅमेऱ्याचं राहू द्या, भाऊजी. पयल्या फोनवर तुमी उठले काहून नाही?"

कॅमेऱ्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. रोज ते रेकॉर्डिंग लावून बसतो. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा... पण वहिनींना मी काय सांगू?