पुढच्या यादीत येईल

"माझं नाव न्हाई यादीत," गयाबाई म्हणाल्या.

साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात त्या माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. दीड एकर आडसाली, म्हणजे दीड वर्षाचा ऊस. नवरा वारलेला, शेत त्या एकट्याच बघायच्या. बहात्तरच्या दुष्काळातला हंगाम. नगर जिल्ह्यातल्या त्या कारखान्यात कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या याद्यांचं काम आमच्या पुण्याच्या ब्युरोने कॉम्प्युटरवर आणलं होतं आणि मी सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट होतो. वय सत्तावीस, मिजास भरपूर.

ब्युरो म्हणजे दुसऱ्यांची कामं मशीनवर करून देणारी कंपनी. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पद्धत नव्याने बसवायला आम्हाला सवड नसे. म्हणून एक तयार साचा होता, स्टँडर्ड प्रोसिजर. फॉर्म गोळा करा, जाड कार्डांवर भोकं पाडून माहिती उतरवा, तपासा, क्रम लावा, यादी छापा. चुकलेला फॉर्म म्हणजे रिजेक्ट. तो दुरुस्त होऊन पुढच्या फेरीत यायचा. दोन कापडगिरण्यांत हा साचा बिनबोभाट चालला होता. सुताची एखादी पेटी पुढच्या यादीत गेली म्हणून सूत काही वाळत नाही.

गयाबाईंचा फॉर्म शोधला. लागणीच्या तारखेच्या रकान्यात कारखान्याच्या गावोगाव फिरणाऱ्या फील्डमनने लिहिलं होतं, 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी'. गावात लागण अशीच लक्षात ठेवतात, आणि ते खरंही होतं. पण तोडणीचा क्रम तारखेवरून लागायचा आणि पंचिंग करणाऱ्या मुलीला आकडे हवे होते. फॉर्म रिजेक्ट झाला. मी पंचांग बघून तारीख लिहिली आणि फॉर्म पुढच्या गठ्ठ्यात ठेवला.

"पुढच्या यादीत येईल, बाई."

"ती कवा?"

"पंधरा दिवसांनी."

"हीर आटलीय, सायेब. ऊस तवर ऱ्हायचा न्हाई."

"सगळ्यांना एकच नियम आहे."

"मंग उसालाच सांगा की, थांब म्हनावं."

ऑफिसात दोघं-तिघं हसले. मला राग आला.

शेतकी अधिकारी भोसले जवळच होते. मी येईपर्यंत ते रोज सकाळी फील्डमन लोकांना आवारात उभं करायचे. कुणाची विहीर आटली, कुणाच्या उसाला तुरा आला, हे ऐकून पेन्सिलीने क्रम बदलायचे. ही बैठक मीच बंद केली होती. साच्यात ती कुठेच बसत नव्हती.

"अहो, आजच तोडणीची चिठ्ठी देऊ या," भोसले म्हणाले. "तोडकऱ्यांची टोळी शेजारच्याच शिवारात आहे. पाच मिनिटांचं काम."

"एकीला दिली की उद्या शंभर येतील. मग मशीन कशाला आणलंत?"

भोसल्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. पुण्याहून आलेल्या माणसापुढे तेव्हा बरेच जण माघार घेत. गयाबाई पदर सावरून निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी त्यांची चिठ्ठी निघाली. मी टोळीबरोबर शेतावर गेलो. खरं तर साचा कसा चालतो ते बघायलाच. टोळीच्या मुकादमाने एक ऊस तोडला, हातात तोलला आणि बांधावर टाकून दिला. आत रस नव्हता, नुसता भुसा. दुसरा, तिसरा, तसाच. "कारखाना ह्यो घ्यायचा न्हाई," तो म्हणाला आणि टोळी पुढच्या शेताकडे वळली.

गयाबाईंनी माझ्याकडून चिठ्ठी घेतली. उलटसुलट करून पाहिली.

"तारीख बरोबर हाय का आता?"

"हो."

"मंग झालं."

त्या रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. अजून वाटते. दोन दिवसांनी त्यांनी तो ऊस उभाच पेटवून दिला.

पुण्याला परतल्यावर मी रिपोर्टमध्ये सगळं लिहिलं. ब्युरोचे साहेब म्हणाले, "हा लोकल प्रॉब्लेम आहे. प्रोसिजरमध्ये दोष नाही." तो परिच्छेद त्यांनी खोडला. मीही फारसा भांडलो नाही. नोकरी नवी होती.

पुढे कैक ठिकाणी तोच साचा घेऊन गेलो. तो वाईट नव्हता. त्यात पायऱ्या नीट लिहिलेल्या होत्या. कुठल्या पायरीवर किती थांबलेलं चालतं, एवढंच लिहिलेलं नव्हतं. ते त्या त्या जागी जाऊन विचारावं लागतं. मी पुढे प्रत्येक वेळी विचारत गेलो. गयाबाईंना त्याचा काही उपयोग नव्हता.