रतनबाईंचं वर्ष भरेना

जानेवारीतली लोणावळ्याकडची सकाळ ज्यांनी काढली आहे त्यांना थंडी म्हणजे काय हे मी सांगायला नको. अशा सकाळी आमच्या घरात पंखा पाचवर फिरत होता. माझे सासरे दत्तोबा कानटोपी, मफलर आणि वर घोंगडी एवढ्या बंदोबस्तात चहा पीत होते. आणि माझ्या सासूबाई, रतनबाई, फ्रिजचं दार सताड उघडून त्याच्यासमोर उभ्या होत्या. काही काढायला नाही. नुसत्याच.

"आई, दार लावा. दूध नासेल," मी म्हणाले.

"नासू दे. मी नासले तवा कुनी बघितलं?"

सासऱ्यांनी मफलर आणखी एक वेढा गुंडाळला.

मी सारिका, यांची सून. लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर काम करते. दिवसभर तिथे पाहुण्यांपुढे "हो सर, लगेच सर" करायचं आणि घरी येऊन हे. आमची वाडी औंढ्याच्या पुढे, भातखाचरांच्या कडेला आहे. घरात आम्ही चौघं. चौथा माझा नवरा कैलास. तो टुरिस्ट गाडी चालवतो आणि घरात काही पेटलं की नेमकं त्याच वेळी त्याला मुंबई विमानतळाचं भाडं लागतं.

रतनबाईंचं वय पन्नास. अंगाने काटक, कामाला दोन माणसांना भारी, तोंडाला चार माणसांना. पण गेलं दीड वर्ष त्यांना काय व्हायचं ते आम्हाला कळत नव्हतं. बसल्या बसल्या छातीतून गरम लाट उठायची, मान आणि चेहरा लालबुंद व्हायचा, घामाने पोलकं चिंब, आणि पाच मिनिटांनी त्याच बाई थंडीने कुडकुडायच्या. झोप उडालेली. गुडघे, खांदे, बोटं, सगळं दुखायचं. म्हशीला एका दिवशी दोनदा आंबोण घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी एकदाही नाही. शिवाय चिडचिड. ती आधीपासूनच होती, त्यामुळे वाढली कधी ते आमच्या उशिरा लक्षात आलं.

पाळी नऊ महिने आलेली नव्हती. हे मला माहीत होतं कारण आमच्या घरात पाळी लपवायची काही सोय नव्हती. माझे चार दिवस आले की देवघराकडे फिरकायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, हा नियम खुद्द रतनबाईंचा. मी पदवीधर, हॉटेलात परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलणारी, आणि पाच वर्षं मुकाट्याने तो पाळत आले. या गोष्टीचा मला राग यायचा, आणि मी काही बोलत नाही याचा त्याहून जास्त यायचा.

शेवटी मीच त्यांना स्कूटीवर घालून लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई शांत होत्या. रक्तदाब, साखर, थायरॉईड, स्तनांची तपासणी, पोटाची सोनोग्राफी, सगळं करून घेतलं आणि आठवड्याने समोर बसवून सांगितलं, "रतनबाई, पाळी जाण्याचा काळ आहे. शरीरातलं एक हार्मोन कमी होतंय, म्हणून हे सगळं. तुम्हाला त्रास फार आहे आणि तपासण्या चांगल्या आहेत. हार्मोनच्या गोळ्यांनी पुष्कळ आराम पडेल."

"गोळ्यांनी आनखी काय व्हतं?" सासूबाईंनी विचारलं.

"पाळी थांबून तुम्हाला अजून वर्ष झालेलं नाही. त्यामुळे ज्या गोळ्या देते त्यांनी दर महिन्याला दोन-चार दिवस थोडं रक्त जाईल. घाबरायचं नाही. पूर्ण वर्ष झालेलं असतं तर वेगळ्या गोळ्या दिल्या असत्या, त्यात सहसा जात नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. इतक्या सहज डोलावली की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

महिना झाला. पंखा पाचवरच. फ्रिजचं दार उघडंच. मी डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायच्या बेतात होते, तेवढ्यात तूरडाळीच्या डब्यात माझ्या हाताला काहीतरी लागलं. गोळ्यांचं पाकीट. एकही गोळी घेतलेली नाही.

"हे काय आहे?" मी ते पाकीट त्यांच्यापुढे नाचवलं. "मी सुट्ट्या घेऊन तुम्हाला नेते, रिसॉर्टवर बोलणी खाते, मामंजी न्यूमोनियाने जायची वेळ आली, आणि तुम्ही गोळ्या डाळीत पुरून ठेवता?"

"वरडू नगंस."

"ओरडणार! का नाही घेतल्या?"

"पाळी परत येईल म्हनून." एवढं बोलून त्या खाली बसल्या. "दोन महिन्यांवर यात्रा आलीया माझी."

माझी, म्हणाल्या. मग मला सगळं कळलं.

चैत्रात आमच्या वाडीच्या वाघजाईची यात्रा असते. त्या दिवशी देवळामागच्या चुलीवर पुरणपोळीचा नैवेद्य होतो, आणि ती चूल गावातली एकच बाई सांभाळते. तिला अट असते. मागच्या यात्रेपासून या यात्रेपर्यंत तिला एकदाही पाळी आलेली नसावी. वर्ष भरलेलं पाहिजे, असं म्हणतात. चुलीभोवती दोर बांधतात. आत ती बाई आणि तिने हाताखाली बोलावलेली एखादी, बाकी सगळ्या बाहेर. ज्यांचे चार दिवस चालू असतील त्यांनी तर दोराला हातही लावायचा नाही. मुक्ताबाई नावाच्या म्हाताऱ्या गेली कित्येक वर्षं ही चूल सांभाळत होत्या. गेल्या वर्षी त्यांचे गुडघे संपले आणि त्यांनी भर यात्रेत सांगितलं की आता पुढची रतन.

"एका दिवसाच्या चुलीसाठी एवढा त्रास काढायचा?" मी म्हणाले. "आपल्या घरात चूल नाही का?"

"तुला न्हाई कळायचं." आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते पाच वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. "एकोनीस वर्सांची व्हते. लगीन होऊन पयली यात्रा. सासूनं पुरनाचं पातेलं माझ्या हाती दिलं, चुलीपातुर न्यायला. दोरापाशी गेले आन तितंच मला आली. मी येडी, जाऊन सासूला खरं सांगितलं. तिनं समद्या गावाम्होरं ते पातेलं म्हशीम्होरं रिकामं केलं. पुरन परत शिजवाय लागलं, नैवेद्याला दुपार झाली. लोक वर्सभर मला बोलत व्हते. कुनी शिवी दिली न्हाई, नुसतं हसत व्हते. एकतीस वर्सं झाली. मला त्या दोराच्या आत जायाचंय, सारिके. एकदाच."

मी पाकीट परत डाळीत ठेवलं नाही, पण फेकलंही नाही.

पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि खरं ते सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्यांनी हार्मोन नसलेली एक गोळी दिली आणि भली मोठी यादी सांगितली. चहा दिवसातून दोनदा, तिखट कमी, नाचणी-दही रोज, सुती कपडे, आणि अर्धा तास चालणं.

"दिसभर खाचरात चालते ती काय बसून चालते?" सासूबाई.

"ते काम झालं. मी म्हणते ते कुणी हाक न मारता, सलग अर्धा तास."

असला अर्धा तास रतनबाईंच्या आयुष्यात कधी आला नव्हता. तो मिळवायला मला घरात भांडावं लागलं. बाई चालायला निघाल्या की नेमकं तेव्हाच दत्तोबांना अडकित्ता सापडायचा नाही. ठेचा बंद झाल्यावर तर सासरे असं तोंड करून जेवायचे की औषध त्यांनाच चालू आहे असं वाटावं. पण महिनाभराने पंखा पाचवरून तीनवर आला. लाटा निम्म्या झाल्या. झोप मात्र नाही ती नाही. त्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडायच्या आणि मी रोज देवीला म्हणायचे, बाई, एवढे दिवस जाऊ देत.

यात्रेला दहा दिवस राहिले होते. मी ड्युटीवरून आले तर सासूबाई मागच्या दारात पायरीवर बसल्या होत्या. कॅलेंडर मांडीवर.

"आली," त्या म्हणाल्या.

साडेअकरा महिन्यांनी. मला त्या शरीराचा एवढा संताप आला की काय सांगू! दहा दिवस थांबायला काय धाड भरली होती?

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. काळजीचं काही नव्हतं. "या काळात असं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "पाळी गेली असं म्हणायला आमच्याकडेही सलग बारा महिने लागतात. आता परत पहिल्यापासून मोजायचं. हार्मोनच्या गोळ्या अजूनही सुरू करता येतील."

"देवीचं आन तुमचं एकच म्हननं हाय म्हना की," सासूबाई कडवटपणे म्हणाल्या. गोळ्यांना पुन्हा नाही म्हणाल्या. या वर्षाचं गेलं तरी पुढचं वर्ष भरायचं होतं ना.

"आई, कुणाला सांगूच नका," मी परतताना म्हटलं. "कोण बघायला येणार आहे?"

"एकदा खरं सांगितलंय. आता खोटं कशाला बोलू?" त्यांनी मला स्कूटी तशीच मुक्ताबाईंच्या दारात घ्यायला लावली.

मुक्ताबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. सासूबाईंनी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "मावशी, माझं वर्स भरलं न्हाई. काल आली. दुसरी कुनी बघा."

म्हातारीने लसणाची पाकळी खाली ठेवली. "बस हितं. वरडू नगंस. माझी सासू गेली तवा मी बेचाळीसची. चुलीला दुसरी बाई न्हवती, मला बशिवली. त्याच्यानंतर बी सा वर्सं मला दर महिन्याला येत व्हती."

"मग तुमी?"

"कुनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. वाघजाईनं गोड मानून घेतलं. पावसाला काय झालं न्हाई, भाताला काय झालं न्हाई. तू बी कर."

मला वाटलं सासूबाई सुटकेचा श्वास टाकतील. त्या हिशेब करत होत्या. ओठ हलत होते. मग चेहरा लाल होत गेला, आणि ती लाट नव्हती.

"माझं पातेलं म्हशीम्होरं वतलं तवा तुमी पंचेचाळीसच्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "दोराच्या आत उभ्या व्हत्या. तुमाला बी तवा येत व्हती. आन तुमी बघत राहिल्या?"

मुक्ताबाईंनी सोललेला लसूण बाजूला सारला.

"व्हय," त्या म्हणाल्या. "बघत व्हते. बोलले असते तर माझी चूल गेली असती."

आम्ही घरी आलो. सासूबाईंनी पाणी घेतलं, कपाटातून ते पाकीट काढलं, पहिली गोळी तोंडात टाकली आणि मला म्हणाल्या, "आता येऊ दे दर महिन्याला. मी एकतीस वर्सं कशाला जाळली?" आणि रडल्या. सासऱ्यांनी आपण होऊन पंखा पाचवर केला. बिचाऱ्यांना तेवढंच सुचलं.

यात्रेच्या सकाळी त्या चुलीकडे निघाल्या त्या पुऱ्या तयारीने. यात्रेचे पंच महिपतीआबा चूल पेटवण्याआधी येऊन विचारणार, वर्ष भरलं का. त्यावर काय बोलायचं ते त्यांनी स्कूटीवर मला तीनदा म्हणून दाखवलं. "सांगनार, न्हाई भरलं. औषध चालू हाय. नैवेद्य मीच करनार. आन काय इचारायचं ते मुक्तामावशीला इचारा." मला घाम फुटला होता, त्यांना नाही.

महिपतीआबा आले. सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी दोराबाहेर डोळे मिटले.

"रतन, लाकडं पुरतील का गं?" आबा म्हणाले.

"आं?"

"लाकडं. कमी पडली तर पोराला सांग." आणि आबा मंडपाकडे गेले. झालं. एवढंच. एकतीस वर्षं जिच्या धाकात काढली ती गोष्ट कुणी विचारलीसुद्धा नाही. सासूबाईंचं तयार केलेलं भाषण तोंडातच राहिलं आणि त्याचा त्यांना इतका राग आला की पहिल्या चार पोळ्या त्यांनी आपटूनच लाटल्या.

पाचव्या पोळीला लाट आली. गोळ्यांचा गुण यायला अजून दिवस लागणार होते, आणि समोर चूल. चेहरा लाल, घाम हनुवटीवरून खाली. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि दोराबाहेरच्या बायकांवरून नजर फिरवत माझ्यापाशी थांबल्या.

"सारिके, आत ये. लाटायला घे."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला कानापर्यंत लाज वाटली. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "आई, मला नाही येता येणार. सकाळीच मला..."

"मी इचारलं का तुला?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

मी दोराखालून वाकून आत गेले. माझी पहिली पोळी फाटली, त्यावरून मात्र भरपूर बोलणी खाल्ली.