नानांचं उपरणं

धुळ्याहून येताना सोनगीरच्या अलीकडे आमचं गाव. तिथं व्हिडिओ आणायचा तर नानांना विचारावं लागे. नाना म्हणजे माझ्या मैत्रिणीचे मोठे काका. टीव्ही खाटेवर, शेजारी स्टुलावर नाना, आणि त्यांच्या हातात उपरणं. पडद्यावर बाई नि पुरुष जरा जवळ आले की उपरणं काचेवर. सिनेमा आधी बघायची भानगड नाही, सगळा अंदाजाचा कारभार. एकदा नायक मरणाऱ्या आईचं बोलणं ऐकायला वाकला, तर तेही झाकलं. म्हातारी मेली कधी ते आम्हाला कळलंच नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी बायकांसाठी दुपारचा खेळ ठरला, कापसाच्या गोदामात, खिडक्यांना बारदान लावून. नानांनी धुळ्याहून हिंदीत बोलणारी चिनी कॅसेट आणवली. चिनी म्हणजे नुसती मारामारी, पोरीबाळींना काही धोका नाही, असा त्यांचा हिशोब.

मला मारामारीशी काय देणंघेणं! बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी मैत्रिणीच्या प्रेमात पार बुडाले होते, आणि तिच्या मनात काय आहे ते विचारायची छाती होत नव्हती. त्यात रविवारी शिरपूरचं स्थळ तिला बघायला येणार होतं. आम्ही दोघी एकाच पोत्यावर बसलो होतो. तिचं कोपर लागलं की मी तिथून हलायचीच नाही.

सिनेमात एक तलवारबाज तरुण होता आणि एक सरदाराची मुलगी. नदीकाठी त्यानं तिच्या केसांत अडकलेलं पान काढलं आणि तोंड जवळ नेलं. झालं! उपरणं काचेवर.

"डोया झाका बठ्ठा!" नाना गरजले.

"नाना, तो गडी नही शे," मागून एक काकू म्हणाली. "बाईच शे ती. वेणी कापीसन गडीना कपडा घालात ना तिनी!"

ती वेणी कापली तेव्हा नाना बाहेर तंबाखू मळत होते, त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी उपरण्याची कड उचलून आत डोकावून पाहिलं.

"दोन्ही बायाच शेतस?"

"दोन्ही!"

"मंग काय हरकत शे!" म्हणत त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि सुपारी कातरायला घेतली.

मग काय! त्या दोघी एकमेकींना बिलगल्या, रडल्या, एकमेकींचे गाल चुंबले, जन्मभर सोबत राहायची शपथ घेतली. गावातल्या यच्चयावत बायका टकामका बघत होत्या, आणि नानांचा अडकित्ता चालू होता. मला हसू आवरेना. तेवढ्यात मैत्रिणीची बोटं माझ्या बोटांत आली आणि तिथंच राहिली. हसू कुठल्या कुठे गेलं. मीही ती घट्ट धरून ठेवली.

शेवटी घात केला तो चिन्यांनीच. नानांनी सोडलेलं त्यांनी झाकलं. त्या तलवारवालीला कुठूनसा जुळा भाऊ उपटला, आणि सरदाराच्या मुलीचं लग्न त्याच्याशी लावून टाकलं! ढोल वाजले, सिनेमा संपला.

"हाई खोटं शे," मैत्रीण माझ्या कानात म्हणाली. "आपण असं नही करानं."

रविवारी तिनं शिरपूरच्या पाहुण्यांना चहा दिला आणि तोंडावर सांगितलं, मला आधी जळगावला बी.एड. करायचंय. पाहुणे उठून गेले. घरात नुसता गोंधळ. मी काहीतरी निमित्त काढून तिथं गेलेच होते, दाराशी जीव मुठीत धरून उभी.

"पोर एकटी जळगावले कशी ऱ्हाई?" तिचे वडील म्हणाले.

नानांची नजर माझ्यावर पडली.

"एकटी काबर? हाई शे ना संगे. दोन्ही पोरीच शेतस, एक खोलीमा राहतीन. काय हरकत शे!"

नानांच्या पुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मैत्रिणीनं पदर तोंडात कोंबला आणि ती स्वयंपाकघरात पळाली. मी नानांच्या पाया पडले, आणि इतक्या मनापासून मी देवाच्याही पाया पडले नसेन.

"सुखमा ऱ्हावा दोन्ही," नाना म्हणाले.

आम्ही अजून राहतोय.