आक्काची झोप

आटपाडीकडच्या आमच्या वस्तीवर पाणी टँकरने यायचं. टँकर आला नाही तर आई आमची तोंडं ओल्या फडक्यानं पुसायची, आणि तेच फडकं पिळून कोंबड्यांपुढच्या वाटीत पाणी टाकायची. दिवाळी झाली की माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन ओल्या मुलखात निघून जायचे, ते पावसाळ्याच्या तोंडाला परत. मागे आम्ही बायका, म्हातारी माणसं आणि बाजरीचं पीठ. मी आणि माझी थोरली चुलत बहीण, जिला मी आक्का म्हणते, एकाच घोंगडीत झोपून वाढलो. घोंगडी कुणी ओढली यावरून रोज भांडण व्हायचं, आणि भांडण अर्धं सोडून आक्का झोपून जायची. मी एकटीच जागी, रागानं फणफणत.

दहावी झाली आणि आक्काचं लग्न लागलं. नवरा विट्याकडचा, गलाईवाला. म्हणजे लांबच्या शहरात जुनं सोनं गाळून शुद्ध करून द्यायचं दुकान. आमच्या भागातली कितीतरी माणसं या धंद्यावर देशभर पांगलेली आहेत. मी मात्र रडून, उपाशी राहून, आबांच्या पाया पडून साताऱ्याच्या कॉलेजात गेले. वस्तीवरून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. हे मी सगळ्यांना सांगायची, कुणी विचारलं नाही तरी.

माझ्या शेवटच्या वर्षाला दिवाळीत आक्का माहेरी आली. जीपमधून उतरली ती हातात पाटल्या, गळ्यात मोहनमाळ आणि कडेवर गुटगुटीत लेक घेऊन.

"काय गं कालिजवाली, लयच वाळलीस की! मेसमदी जेवाय घालत न्हाईत व्हय?"

पाटल्या मी बघितल्या आणि सोडून दिल्या. पण दुपारी जेवण झाल्यावर ती लेकाला पोटाशी घेऊन भुईवर आडवी झाली, आणि माझी भांडी घासून व्हायच्या आत घोरायला लागली. तोंड उघडं, हात पसरलेला, पदराची शुद्ध नाही. मी मांडीवर पुस्तक घेऊन तिच्याकडे बघत बसले. मला कितीतरी दिवसांत अशी झोप लागली नव्हती. डोळे मिटले की पेपर दिसायचा, निकाल दिसायचा, आबांचं तोंड दिसायचं. आणि ही बघा! हिला कोण नापास करणार? तिचा संसार मला कुणी फुकट दिला असता तरी मी घेतला नसता. तरीसुद्धा तिची ती झोप बघून माझ्या पोटात आग पडली.

साताऱ्याला परत गेले तर आग बरोबर आली. सकाळी उठावं तर दात करकचून आवळलेले, जबडा दुखतोय. हॉस्टेलचा जिना चढताना छाती धडधडायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका." न घेण्यासाठी नेमकं काय करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

कॉलेजच्या सराव परीक्षेत पेपर हातात आला आणि अक्षरं एकमेकांत मिसळली. मी कोरा पेपर ठेवून बाहेर आले. घरी कळलं, कळपावर आबांना कळलं, आणि एका पाव्हण्याबरोबर त्यांचा निरोप आला: मोठ्या परीक्षेत पास झाली तर चांगलंच, न्हाई झाली तर उन्हाळ्यात लगीन. आक्काचा धाकटा दीर हाय लग्नाचा.

आईनं मात्र वेगळंच निदान केलं. पोरीला नजर लागली. वस्तीवरची पहिली शिकणारी, लोकांच्या डोळ्यांत आली. मी सुट्टीला गेले त्या संध्याकाळी तिनं मला चुलीपुढं बसवलं आणि मुठीत मीठ, मोहऱ्या, मिरच्या घेऊन ओवाळायला लागली. "आल्याची, गेल्याची, भावकीची, पाव्हण्याची, वाटंच्या वाटसराची..."

"माझी," मी म्हणाले.

तिचा हात थांबला. "तुजी काय?"

"नजर. माझीच आक्काला लागली आसंल. ती झोपती नव्हं, ते मला बघवत न्हाई, आये."

आईनं मिरच्या चुलीत टाकल्या. नजर लागलेली असली की ठसका उठत नाही, असं आमच्याकडं मानतात. इथं असा ठसका उठला की दोघी खोकत अंगणात पळालो.

"बग," आई डोळे पुसत म्हणाली, "नजरबिजर काय बी न्हाई. नुसती जळतीयास."

"व्हय."

"मग जळ की! मी जळत न्हाई? तुज्या चुलतीला न्यायला दर पंचमीला तिचा भाऊ येतोय. माजा कवा आलाय? तवा मी काय करती, ठावं हाय? गवऱ्या थापती. एकेक थापटीला चुलतीला सुनावती. त्या दिशी गवऱ्या लय पातळ व्हत्यात. आन् तिला वाटतंय, जाऊ केवडी कामाची!"

हॉस्टेलात शेण कुठलं? पण मागच्या बाजूला धुण्याचा दगड होता. दुसऱ्याच दिवशी परतले आणि सकाळी चादर घेऊन तिथं उभी राहिले. "झोप! आणखी झोप!" असं म्हणत चादर आपटत होते, तर माझ्या खोलीतली वाईची मैत्रीण दात घासता घासता थांबली.

"कुणाला बडवतेस गं?"

"बहिणीला."

"काय केलं तिनं?"

"झोपली."

ती हसून हसून खाली बसली. मग तोंड धुऊन आली आणि स्वतःची ओढणी घेऊन भावाला बडवायला लागली, ज्याला घरी अभ्यासाला वेगळी खोली होती. तेव्हापासून आम्ही दोघी रोज दगडावर जायला लागलो. जळणं थांबलं असं नाही. पण तोंडानं बोलून टाकलं की जबडा सैल व्हायचा. बडवता बडवता हळूहळू मला हेही उमगलं, की भीती मला नापास व्हायची होती. आक्का झोपली नसती तर मी दुसऱ्या कुणावर जळले असते.

मोठ्या परीक्षेत पहिल्याच पेपरला पुन्हा धडधड सुरू झाली. बाकाखाली गुडघ्यावर मूठ आपटत मी पुटपुटले, "तू झोप बाई. मी लिहिते."

"काय म्हणालात?" पर्यवेक्षकांनी विचारलं.

"काही नाही, सर."

आणि लिहायला लागले. पुरवणी मागून घेतली.

पुढे सांगलीला नोकरी लागली. तिथं भाड्याच्या घरामागे मी आधी धुण्याचा दगड बसवून घेतला. आक्का येते, जेवते, भुईवर आडवी होते आणि घोरते. मी अजून जळते आणि चादर घेऊन मागच्या दारी जाते.

तिच्या दिराचं लग्न दुसरीकडं झालं. त्या मोठ्या परीक्षेत मी पास झाले, बी.ए. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी पहिली मीच.