गल्लीत ताणलेली कादंबरी

माझी पहिली कादंबरी प्रकाशकांनी चालत चालत वाचली.

आमचं घराणं निजामाच्या मुलखातून पोटासाठी सोलापूरला आलेलं. घरात तेलुगू, हातात माग, आणि मी निघालो मराठी कादंबरीकार व्हायला! ('विणकराचं पोर मराठी लिहिणार?' असं कुणीतरी हसलं होतं. तेव्हापासून मी इरेला पेटलो होतो.) माझ्या वडिलांना आम्ही नायना म्हणत असू. त्यांना मराठी बोलता यायचं, वाचता नाही. रोज विचारायचे, "आज किती हात झाली रं?"

"कादंबरी हातानं मोजत नाहीत, नायना."

"मग संपली हे कळतं कशानं?"

मी पुन्हा लिहायला बसलो.

अखेर ती संपली. पुण्याचे एक प्रकाशक ती बघायला येणार म्हणून मी त्यांना आणायला स्टेशनवर गेलो. पानं घरी पेटीवर सुटीच होती. (आकडे घातले नव्हते. प्रतिभावंतानं आकडे कसले घालायचे!)

टांगा गल्लीत शिरला आणि मी चालत्या टांग्यातून उडीच मारली. जिथं सूत ताणून त्याला खळ लावायची, तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी कादंबरी ताणलेली! शेजारी नायना, हातात खळीचं भांडं.

"नायना, हे काय केलंत?"

"वाऱ्यानं उडाली की समदी! सुटे तुकडे गिऱ्हाइकाला दावतात व्हय? चिकटवून अखंड केला माल."

"पण कुठल्या क्रमानं?"

"सुबक पानं दर्शनी, खाडाखोडीची मधी. घडीच्या आत कोण बघतंय?"

नायिकेचं मरण मी रडत रडत, पण फार सुबक अक्षरात लिहिलं होतं. ते पहिलं लागलं. तिचं लग्न गेलं पार शेवटी, मारुतीच्या देवळापाशी!

प्रकाशक वाकून वाचत निघाले. मागून नायना, "हात लावू नगा, ओलं हाय!" आणि त्यांच्या मागून सगळी गल्ली. मी खांबाआड उभा होतो आणि मला खरोखर रडू येत होतं.

देवळापाशी प्रकाशकांनी चष्मा पुसला. "आधी मरण, मग लग्न! अहो, हे धाडस कुणी केलं नव्हतं. मांडणी कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"त्याची कसली? मी चिकटवलंय!" नायना ओरडले.

कादंबरी गाजली. पुढच्या तिन्ही कादंबऱ्या मी आकडे घालून, स्वतः क्रमानं लावून पाठवल्या. तिन्ही परत आल्या. सोबत प्रत्येक वेळी एकच ओळ होती: 'ही वडिलांच्या हातून गेलेली दिसत नाही.'