प्रोस्टेटच्या बाकावरची माणसे

दवाखान्यात एकाच बाकावर बसूनही एकमेकांचा आजार न विचारणारे पुरुष तुम्ही कधी पाहिले आहेत का? आम्ही तसे आहोत. प्रोस्टेटचा कॅन्सर हे शब्द आमच्यात कुणी उच्चारत नाही. मी जपमाळ घेऊन बसतो. तरी कानांवर पडायचे ते पडते. पत्नी गेल्यापासून घरी ऐकणारे कुणी नाही, म्हणून ते साठत जाते.

*

मुकुंदवाडीचे भानुदासराव जमीनजुमला असलेले गृहस्थ. डॉक्टर त्यांना म्हणाले, "आजार मंद आहे. ऑपरेशन नको. रक्त तपासत राहू, लक्ष ठेवू."

"घरात साप निघाला तर नुसतं लक्ष ठेवता का, साहेब?"

"धामण असेल तर मारत नाही, भानुदासराव!"

*

एकदा भानुदासरावांनीच विचारले, "तुमचंही वय झालं, साहेब. तुम्ही केली का तपासणी?"

डॉक्टरांनी घंटी दाबली. "पुढचा पेशंट!"

*

"वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला जातो," असे घरी सांगून भानुदासराव येत. देवाच्या नावाने खोटे! प्रसाद म्हणून दवाखान्याच्या फाटकावरचे पेढे नेत. एके दिवशी त्यांच्या पत्नी, काकू, मागोमाग रिक्षाने आल्या.

"हाच का तुमचा घृष्णेश्वर?"

मग त्या त्यांच्याजवळ बसल्या. मी उठून भिंतीशी उभा राहिलो.

*

सखाराम पाचोडचे, जन्मभर शेरडे राखली. मुलगा इथे कंपनीत. निदान झाले तेव्हा डॉक्टरांनी, आपल्याकडील रीतीप्रमाणे, बापाला बाहेर बसवले आणि मुलाला सांगितले.

"आबांना नका सांगू. खचतील," मुलगा म्हणाला. डॉक्टरांनी मानले. सखारामांना उन्हाळी, म्हणजे लघवीची जळजळ, लागल्याचे सांगून आजार दाबणारे इंजेक्शन सुरू झाले.

काही दिवसांत ते म्हणाले, "उन्हाळीला सुई कशाला? ताक पितो की!" आणि गावी निघून गेले. मुलाने पुष्कळ विनवले. खरे मात्र सांगितले नाही.

परतले तेव्हा आजार कण्यात उतरला होता. या वेळी डॉक्टरांनी त्यांनाच सांगितले. बाहेर येऊन त्यांनी मुलाला विचारले, "तुला ठावं व्हतं?"

"तुमच्यासाठीच, आबा..."

"शेरडाचा रोग बी त्याच्या धन्याला सांगतेत. मी माझ्या जिवाचा धनी नव्हतो व्हय रं?"

आता मुलगा दर खेपेला रजा टाकतो, बापाला धरून आणतो, बसवतो, फाईल घेऊन उभा राहतो. परवा नर्सने विचारले, "आजोबा, सोबत कोण आहे?"

मुलगा पुढे झाला.

सखाराम म्हणाले, "कुणी नाय, बाई. एकलाच आलोय."