नदीकडच्या वाटेचा साक्षीदार

सुधाकाकूंचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसत होते. धावत आत गेले, ग्लव्हजसकट रिसीव्हर उचलला. काकू म्हणाल्या, "हे गेले गं. चहा गाळत होते मी..." त्याला आता सहा आठवडे झाले. भेटायला आलेला जो तो म्हणत होता, बापूकाका किती शांत, किती सोज्वळ! मी मनातून चिडलेच. शांत कसले? इलिनॉयमधल्या आमच्या अख्ख्या नेपरव्हिलमध्ये एवढा उतावळा, एवढा हौशी माणूस दुसरा नव्हता. त्यामुळे मी गळा काढून लिहिणार नाही. त्यांनाच ते आवडलं नसतं.

डॉक्टर बापू दामले मूळचे सांगलीचे. अमेरिकेत आले ते बर्‍याच उशिरा, त्याआधी अकरा वर्षं इंग्लंडमध्ये एल्डरफर्ड नावाच्या नदीकाठच्या गावात डॉक्टर होते. ते गाव आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी चुकून "काका, इंग्लंड कसं होतं?" असं विचारलं की संपलं! हातातली प्लेट तशीच, आणि तोंडाचा पट्टा सुरू. चर्चच्या भिंतीवर कोरलेल्या पुराच्या खुणा, वेळूसारख्या लवचीक फांद्यांच्या टोपल्या विणणारी घरं, रात्री टाकून ठेवलेल्या पिंजर्‍यांत सकाळी सापडणारे वाम मासे, आणि पूल नव्हता तेव्हा दोन्ही काठांची लग्नं जुळवणारी होडी. लोक हळूच पांगायचे. मीही पांगायचे, खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी तो जानेवारी आला. एल्डरफर्डच्या पंचायतीचं काम बघणार्‍या मार्गारेटबाईंचं काकांना पत्र आलं. जुन्या होडीच्या धक्क्याकडे जाणारी वाट एका नव्या जमीनमालकाने फाटक घालून, कुलूप ठोकून बंद केली होती. ही वाट कधी गावाची नव्हतीच, असं त्याचं म्हणणं. सरकारी चौकशी होणार होती. लोक पिढ्यान् पिढ्या त्या वाटेने बेधडक जात होते हे दाखवता आलं तर कुलूप निघेल, नाहीतर गावाची नदी कायमची तुटेल. आणि ज्यांना आठवत होतं ती म्हातारी माणसं तर केव्हाच चर्चमागे जाऊन निजली होती... हातात होते जेमतेम अडीच महिने.

काकांनी मला ऑफिसात फोन केला. मी मीटिंगमध्ये आहे म्हटलं तर म्हणाले, मीटिंग कॅन्सल कर, आपल्याकडे पुरावा आहे! पुरावा म्हणजे त्यांच्या आईला पाठवलेली पत्रं. अकरा वर्षं दर आठवड्याला एक. पेशंट म्हातारे, दुखणं एक वाक्य आणि त्या वाटेच्या, होडीच्या गप्पा तासभर. ते सगळं ऐकून काका घरी येत आणि आईला मराठीत लिहून टाकत. आई गेल्यावर तो सगळा गठ्ठा सांगलीहून त्यांच्याकडे परत आला होता. प्रत्येक पत्रावर तारीख, प्रत्येकात नदी.

बेसमेंटमध्ये कारखाना सुरू झाला. काकांचं अक्षर खुद्द काकांनाही लागत नसे, त्यामुळे वाचायच्या काकू. काका येरझारा घालत तोंडी इंग्रजी करायचे आणि मी इलेक्ट्रिक टाइपरायटर बडवायचे. शनिवार-रविवार तेच. बाहेर कमरेएवढा बर्फ आणि आत आम्ही तिघं कुणाच्या तरी बोटीतून गवताचे भारे उतरवतोय! काका मधेच थांबून पत्रातली एखादी बाई नाक कसं पुसायची, हे करून दाखवायचे. "अहो, ते टाइप करायचं नाहीये," मी ओरडायचे. मला वाटलं होतं कंटाळा येईल. उलट सोमवारी शिकागोच्या ट्रेनमध्ये बसले की मला त्या वाटेवरचा चिखल आठवायचा.

साठ पानं झाली. ऐटीत पाठवली. आठवड्यात मार्गारेटबाईंचा फोन. सगळं फार सुंदर आहे, पण ही माणसं कोण? मी पानं चाळली आणि कपाळाला हात लावला. आईला साहेबांची आडनावं काय कळणार, म्हणून या गृहस्थाने अख्ख्या इंग्रज गावाची आपल्या घरातली माणसं करून टाकली होती! गिरणीवाल्या मावशी, होडीवाले अण्णा, खालच्या आळीतल्या आत्याबाई, चिडके तात्या. एकाचंही खरं नाव नाही. आणि महिनाभर वाचून, टाइप करूनही आम्हा तिघांना त्यात काही चुकतंय असं एकदाही वाटलं नव्हतं. चौकशीपुढे चिडके तात्या कसे चालणार?

मी काकांवर भयंकर तापले. ते मात्र खुशीत. नावं विसरलो असेन, माणसं नाही, म्हणाले. मग दर रविवारी सकाळी फोन. डॉक्टरच ते, त्यांना माणसं आठवायची ती दुखण्यांवरून. गिरणीवाल्या मावशी म्हणजे डावा गुडघा आणि दोन मांजरं. तिकडून मार्गारेटबाई चर्चची जन्ममृत्यूची वही उलटत नाव सांगायच्या की इकडे काका टेबलावर थाप मारायचे. पेशंटचं असं सांगू नये, असं मधेच त्यांना वाटायचं. काकू शांतपणे म्हणायच्या, त्या मावशी आता रागावणार नाहीत. एकेक करत सगळी मिळाली. होडीवाले अण्णा सर्वांत शेवटी, दम्यावरून.

आणि तरीही पेच सुटेना. गेलेल्यांचं बोलणं ठीक, पण त्याला जोड म्हणून कुणीतरी जिवंत माणूस हवा, जो इतकी वर्षं स्वतः त्या वाटेने चालला आणि सही करून तसं सांगेल, असं वकिलाने कळवलं. गावात आता बहुतेक नवी मंडळी. दिवस उरले होते नऊ. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी विचारलं, "काका, तुम्ही पेशंटकडे कुठून जायचात?"

"त्याच वाटेने. दिवसातून दोनदा."

"मग?"

ते खाली बघू लागले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "मी बाहेरचा गं," म्हणाले. "त्या गावाच्या हक्काबद्दल मी कोण बोलणार? आपण सगळीकडे पाहुणेच."

माझा पारा चढला. अकरा वर्षं त्यांची बाळंतपणं केलीत, त्यांचे डोळे मिटलेत, आणि आता पाहुणे? त्या माणसांना मावशी-आत्या म्हणताना परकेपणा वाटला नाही, मग सही करतानाच कसा वाटतो? बरंच बोलले मी, जरा जास्तच. काकूंनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी एका बैठकीत लिहिलं. बॅग घेऊन रोज दोनदा, पुरात गुडघाभर पाण्यातून, अकरा वर्षं, कुणी कधी अडवलं नाही. दुसर्‍या दिवशी बँकेत नोटरीपुढे सही केली.

कुलूप निघालं! फोन आला त्या दिवशी काकांनी अख्ख्या नेपरव्हिलला फोन केले आणि त्या वर्षीच्या गणपतीत पाऊण तास भाषण करून आरतीला उशीर केला. या वेळी मात्र कुणी पांगलं नाही. एकदा जाऊन त्या वाटेने चालायचं, असं दर उन्हाळ्यात ठरायचं. आधी गुडघे, मग हृदय... राहून गेलं ते.

गेल्या रविवारी काकूंनी मला कागदपत्रं लावायला बोलावलं. पासपोर्ट, नागरिकत्वाचा कागद, सगळं एका निळ्या फोल्डरमध्ये. त्यातच चौकशीच्या निकालाची प्रत निघाली. निकालाची गोष्ट काकांनी आम्हाला शंभर वेळा सांगितली होती, पण हा कागद कधी कुणाला दाखवला नव्हता. काकू चष्मा शोधत होत्या, म्हणून मीच वाचला. साक्षीदारांची यादी होती. त्यात एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ. 'डॉक्टर दामले, एल्डरफर्डचे.' सांगलीचे नाही, इलिनॉयचे नाही.

"पुन्हा वाच," काकू म्हणाल्या. मी वाचलं, आणि मला रडू आवरेना. काकूंनी तो कागद माझ्या हातून घेतला, बोटाने ती रेघ चाचपली, आणि फोल्डरमध्ये पासपोर्टच्या वर ठेवला.